पर्सन, ८४ टक्के

स्वस्त वस्तू विकत घेणारी माणसं वेगळी आणि वस्तू स्वस्तात घरी करणारी माणसं वेगळी. पहिल्या जातीला पैसे वाचवायचे असतात. दुसऱ्या जातीचा पैशांशी तसा काही संबंध नसतो. तिला दुकानदार हरलेला बघायचा असतो.

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, या दुसऱ्या जातीचे. पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात उभी हयात गेल्यामुळे बंद वस्तू त्यांना आव्हान वाटते आणि चालू वस्तू संशयास्पद. सीसीटीव्हीच्या दुकानातून जागा बघायला आलेल्या पोराला त्यांनी कसं घोळात घेतलं, ते मी सोफ्यावर बसून पाहिलं आहे. पोरगा बिचारा पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. चार कॅमेरे, चार चॅनेलचा डीव्हीआर, एक टीबीची हार्डडिस्क, थ्री प्लस वन वायरचं नव्वद मीटरचं बंडल, एसएमपीएस, बीएनसी, डीसी पिना. सगळे मिळून अठरा हजार, फिटिंग वेगळं.

"त्या डीव्हीआरच्या आत काय असतं?" भाऊजींनी विचारलं.

"आत काय असणार काका? डीव्हीआरच असतो."

हे उत्तर त्याला अठरा हजारांना पडलं. पोरगा गेटपर्यंत पोचायच्या आत भाऊजींनी जाहीर केलं की आत एक फुटकळ कॉम्प्युटर असतो, तो आपण आणू, सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सगळं काम निम्म्यात होईल. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "कशाच्या निम्म्यात, तेवढं आत्ताच लिहून ठेवा."

आता सहकारनगरातल्या तळमजल्याच्या फ्लॅटात पेन्शनर माणसाकडे चोरीला जाण्यासारखं असतं तरी काय? सोनं लॉकरात, पैसे एफडीत, मुलगा पुण्याबाहेर. चोरीला जात होती ती जास्वंद. ताईच्या पुढच्या अंगणात लाल गावठी जास्वंदीचं एक झाड आहे. रात्री मोजलेल्या कळ्या पहाटे फुलायच्या आणि ताई दात घासून बाहेर येईपर्यंत नाहीशा व्हायच्या. तिच्या गणपतीला विकतचा झेंडू.

पुण्यातला फुलचोर हा चोर नसतो, हे बाहेरगावच्या वाचकांनी आधी समजून घ्यावं. तो निवृत्त असतो, सुशिक्षित असतो, डोक्याला माकडटोपी असते आणि हातात टोकाला आकडा केलेली काठी असते. त्याचे नियम असतात. कळी तोडायची नाही. कंपाउंडबाहेर आलेली फांदी सार्वजनिक समजायची. कंपाउंडच्या आतली फांदी आकड्याने बाहेर ओढली की तीही सार्वजनिक होते. मनी प्लँट चोरून आणलेलाच वाढतो यावर ज्या समाजाची श्रद्धा आहे, तिथे देवासाठी नेलेल्या चार फुलांना चोरी म्हणायची कुणाची प्राज्ञा? ताईने पाटी लावून पाहिली होती: 'फुले तोडू नयेत. देव पाहत आहे.' खाली कुणीतरी बॉलपेनने लिहून गेलं, 'त्यालाच नेतो आहे.' अक्षर सुरेख होतं, त्यामुळे संशयितांची संख्या फारशी कमी झाली नाही.

देव पाहतो हे कबूल, पण तो रेकॉर्डिंग देत नाही, असं भाऊजींचं म्हणणं पडलं. आणि घरात रास्पबेरी पाय आला.

रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाच्या आकाराचा, अंगावर कपडा नसलेला कॉम्प्युटर. एक हिरवी पाटी, तिच्यावर चिप, कडेला यूएसबीची आणि नेटवर्कची भोकं. हा केंब्रिजचा. विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या पोरांना कॉम्प्युटर वापरता येतो, पण त्याच्याकडून काम करून घेता येत नाही, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. मोडला तरी घरचे मारणार नाहीत असा ३५ डॉलरचा कॉम्प्युटर त्यांनी काढला. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला. वाढदिवस चार वर्षांनी एकदा. तिथेही खर्च वाचवलेला. २०१५ साली पाच डॉलरचा पाय झीरो निघाला तेव्हा तर तो त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट दिला गेला. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर अगरबत्तीचं पाकीट आलं तरी माणसं हरखतात. तर असा हा मुलांसाठी काढलेला कॉम्प्युटर. माझ्या पाहण्यात मात्र तो घेणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत आणि मोडला तर घरचे काय म्हणतील ही भीती त्यांना मुलांपेक्षा जास्त असते.

भाऊजी कुठलंही काम इतिहासापासून सुरू करतात, कारण इतिहासाला खर्च येत नाही. त्यांच्याकडूनच कळलं की जगातला पहिला वेबकॅमही केंब्रिजचाच, आणि तो चोरासाठी नव्हता, कॉफीसाठी होता. तिथल्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ट्रोजन रूमजवळ एका भांड्यात सगळ्यांची कॉफी व्हायची. लांबच्या खोल्यांतली माणसं जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं. १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झकी यांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, मिनिटाला तीनेकदा बदलणारं. १९९३ साली ते इंटरनेटवर गेलं आणि ज्यांना त्या कॉफीचा थेंबही मिळणार नव्हता अशी जगभरची माणसं कॉफी उरली आहे का ते बघत बसली. २००१ साली कॅमेरा बंद झाला आणि ते बिघडलेलं भांडं एका जर्मन साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीने लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. "बघ," भाऊजी मला म्हणाले, "अशा कामात घातलेला पैसा कधी वाया जात नाही."

ताईला मात्र दुसरी गोष्ट आवडली. घराच्या दाराला कॅमेरा लावायची कल्पना न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका नर्सची. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, घरी एकटी, आणि बोलावलं तरी पोलिस लवकर यायचे नाहीत. तिने १९६६ साली योजना आखली: दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्ही आणि बसल्या जागेवरून दार उघडायचं बटण. १९६९ च्या डिसेंबरात तिच्या आणि नवऱ्याच्या नावाने पेटंट मिळालं. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ होता.

"नवरा इलेक्ट्रॉनिक्सवाला असून शेवटी सुचलं बायकोलाच ना?" ताई म्हणाली.

भाऊजींनी चष्मा पुसला आणि विषय खरेदीकडे वळवला.

स्वस्तात करणाऱ्या माणसाचा खरा कस हिशेबात लागतो. भाऊजींच्या वहीत 'कॅमेरा' या मथळ्याखाली आजही फक्त पायची किंमत आहे. पायला पाच व्होल्ट आणि तीन ॲम्पिअर लागतात, तेही खरेखुरे; मोबाइलचा जुना चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि मशीन मनाला येईल तेव्हा बसकण मारतं. म्हणून चांगला ॲडॅप्टर आला, पण तो 'पुढेमागे मोबाइललाही चालेल' या कारणाने घरखर्चात गेला. गरम होतो म्हणून पंखा आणि डबी आली, ती 'पायचं संरक्षण' या खात्यात. म्हणजे संरक्षणाच्या यंत्राच्या संरक्षणाचं वेगळं खातं. मेमरी कार्ड जुन्या मोबाइलमधलं होतं, ते फुकट. बिचारं कार्ड फोटो साठवायला जन्मलेलं. त्यात दिवसरात्र लिहीत राहिलं तर ते लवकरच डोळे मिटतं, कारण त्यातल्या कणाकणाला किती वेळा लिहून घ्यायचं याची मर्यादा असते. त्याने डोळे मिटल्यावर एसएसडी आली. ती 'उद्या लॅपटॉपला घालता येईल' म्हणून गुंतवणूक. क्रिम्पिंग टूल? ती आयुष्यभराची वस्तू, ती या कामावर कशी धरायची? यूपीएस घराला हवाच होता.

ताईची वही वेगळी. तिच्यात तपकीर गल्लीत जायचं रिक्षाभाडं आहे, पार्किंगवरून झालेल्या वादानंतर प्यायलेला उसाचा रस आहे आणि 'रंग पुन्हा लावणे, भिंतीला चुकीच्या जागी भोक' अशी एक ओळ आहे. दोन्ही वह्या प्रामाणिक आहेत. फक्त त्यांची बेरीज एकमेकींना ओळख दाखवत नाही.

तपकीर गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं! बुधवार पेठेतल्या या चिंचोळ्या बोळात वीज जिथून जाऊ शकते अशी प्रत्येक वस्तू मिळते, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागतं. बरीचशी विक्री यामुळेच होत असावी. तिथे भाऊजींनी वायरला कनेक्टर बसवायची विद्या एका काउंटरवरच्या मुलाकडून आत्मसात केली. केबलच्या पोटात आठ तारा असतात, पिळलेल्या चार जोड्या. त्या उलगडून, सरळ करून, एका ओळीत धरून, एका रेषेत कापून त्या प्लास्टिकच्या पारदर्शक टोपीत सारायच्या आणि क्रम चुकायचा नाही. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीच्या मधोमध निळ्याची जोडी का घुसते, याचं उत्तर जुन्या टेलिफोनच्या वायरिंगमध्ये आहे. भाऊजी ते सांगतात, कुणी विचारलं नाही तरी. तारा इतक्या बारीक, की चष्मा कपाळावर, जीभ दातात आणि श्वास बंद. निळी जागेवर बसली की तपकिरी बाहेर. त्या काळात घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा दंडक होता. संध्याकाळी दिवा लावताना ताई हात जोडून अथर्वशीर्ष म्हणावं तशा ठेक्यात 'पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा' म्हणाली, तेव्हा मात्र भाऊजींनाही हसू आवरलं नाही.

कॅमेरे चाराचे दोन झाले. निम्म्यात करायचं तर निम्मेच, हे गणिताला धरून होतं. दोघांच्या खोक्यांवर 'ऑनव्हिफ' असं लिहिलेलं होतं. कॅमेरा एकाचा, रेकॉर्डर दुसऱ्याचा, तरी दोघांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली ही व्यवस्था सुरू केली. ते खोक्यावर छापलेलं असतं. खोक्याच्या आतल्याने ते वाचलेलं असतंच असं नाही. दोन रात्री कॅमेरा आणि पाय एकाच वायरच्या दोन टोकांना, अबोला धरलेल्या जावांसारखे. शेवटी सेटिंगमध्ये एक खूण करायची राहिली होती, ती केली आणि टीव्हीवर अंगण उमटलं. सगळे सोफ्यावर बसून दारापलीकडे दहा फुटांवर असलेलं आपलं अंगण टीव्हीवर बघत होते. शेजारच्या वहिनींनाही बोलावलं. त्या आल्या, आपण आलेलं त्यांना बघता आलं नाही म्हणून पुन्हा बाहेर गेल्या आणि पुन्हा आल्या.

यात साठवणुकीचं गणित फार गमतीचं आहे. बऱ्यापैकी स्वच्छ चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला चारेक मेगाबिट ओततो. दिवसाचे होतात ४३ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत तुडुंब, मग सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं. म्हणजे दर साडेअकरा दिवसांनी, सहकारनगरातल्या एका अंगणात काहीही घडलं नाही याचा एक टीबी भक्कम पुरावा तयार होतो आणि नष्ट होतो. हे असं सगळं साठवणं भाऊजींना उधळपट्टी वाटली. काही हाललं तरच नोंद घ्यायची, असं ठरलं.

हाललं हे यंत्राला कळतं कसं? साधी वजाबाकी. मागच्या चित्रातून पुढचं चित्र वजा करायचं. 'मोशन' नावाचं जे जुनं, फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दीड हजारांहून जास्त ठिपके बदलले की काहीतरी हाललं, असं मुळात ठरवलेलं असतं. कल्पना नामी आहे. अडचण एवढीच, की जगात चोरांपेक्षा इतर गोष्टीच जास्त हालतात. जास्वंदीची फांदी हालते. तिची सावली हालते. ढग आला की अख्खं अंगण एकदम बदलतं. पाऊस तर प्रत्येक थेंबागणिक गुन्हेगार. आणि रात्रीचा खरा मालक कोळी. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेडचे दिवे असतात, त्यांच्याकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि बरोबर भिंगासमोर जाळं विणतो. चोराला पकडायला आपण सापळा लावतो आणि त्या सापळ्यावर दुसरा कुणी आपला सापळा लावून बसतो. रात्री अडीचला भाऊजींचा फोन वाजायचा, ते बॅटरी घेऊन धावायचे आणि पडद्यावर आठ केसाळ पाय. केरसुणी कॅमेऱ्याच्या खाली कायमची ठेवली गेली. ती कुठल्याच वहीत नाही.

मग आली बुद्धी. कृत्रिम. काय हाललं हे ओळखणारं 'फ्रिगेट' नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. फक्त एवढ्या विचाराने पायचं डोकं तापतं, म्हणून डोक्याला मदत करणारी एक यूएसबीची काडी वेगळी घ्यावी लागते. ती काडी पायपेक्षा महाग होती. भाऊजींनी ती 'शिक्षण' या खात्यात टाकली.

या बुद्धीचं शिक्षण झालंय ते 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१४ साली तो जगापुढे आणला. त्यात रोजच्या आयुष्यातल्या ८० वस्तूंची यादी आहे. रोजचं आयुष्य कुणाचं, हे यादीवरून लगेच कळतं. तीत जिराफ आहे, झेब्रा आहे, अस्वल आहे. बर्फावरून घसरायची फळी आहे, बेसबॉलची बॅट आहे, रस्त्याकडेचा आग विझवायचा नळ आहे, केस वाळवायचं यंत्र आहे. रिक्षा नाही. पुण्यातल्या रस्त्यावर लावलेल्या कॅमेऱ्याला जिराफ ओळखता येतो आणि रिक्षा ओळखता येत नाही! समोरून रिक्षा गेली की तो कधी कार म्हणतो, कधी ट्रक. मीटरप्रमाणे यायला तयार असलेली दिसली तर काय म्हणेल कोण जाणे. गणेश चतुर्थीला समोरच्यांचा गणपती हातगाडीवरून आला, तेव्हा फोनवर संदेश आला, 'एलिफंट, ५३ टक्के'. भाऊजींनी फोनलाच नमस्कार केला.

ही टक्केवारी म्हणजे यंत्राची खात्री. समोरचं माणूस आहे याची त्याला किती खात्री वाटते, ते. दोरीवर वाळणारा ताईचा गाऊन: 'पर्सन, ६१ टक्के'. कुरिअरवाला: ७८. एकदा ताई भाजी घेऊन आली. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर छत्री. भाऊजींचा फोन टुणकला. त्यांनी अभिमानाने स्क्रीन तिच्यासमोर धरली. 'पर्सन, ८४ टक्के.'

"चौऱ्याऐंशी?" ताई म्हणाली. "उरलेले सोळा कुठे गेले?"

"अगं, तुझ्या हातात पिशव्या होत्या."

"पस्तीस वर्षं आहेत पिशव्या हातात. आणि तुमचे किती?"

भाऊजींचे किती, हे शोधायला जुन्या नोंदी काढल्या. भाऊजी रोज सकाळी लुंगी नेसून, वाकून झाडांना पाणी घालतात. त्या वेळची एकही नोंद सापडली नाही. यंत्राच्या लेखी ते कुंडीतल्या झाडात जमा होते. ताईने या विषयावर पुढे काहीही बोलायचं नाही असं ठरवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

फुलचोर राहिला बाजूला, असं वाटेल. तो राहिलाच नव्हता. तो पहिल्याच आठवड्यात सापडला होता, पण चुकीच्या वेळेला. झालं असं, की पायच्या पोटात घड्याळ नसतं. ३५ डॉलरमध्ये घड्याळ कुठून बसणार? वेळ तो इंटरनेटवरून विचारून घेतो. वीज गेली, की शेवटची जी वेळ त्याने लिहून ठेवली असेल तीच धरून बसतो. वीज आली की तिथूनच पुढे मोजायला लागतो, मधले तास घडलेच नाहीत अशा थाटात. वळवाच्या एका रात्री अडीचला वीज गेली. यूपीएस तासभर टिकला. सव्वासहाला वीज आली, पाय जागा झाला, पण गल्लीच्या तोंडाशी खांबावर असलेला इंटरनेटचा डबा झोपलेलाच. त्याच वेळी माकडटोपी आली. चित्र असं: अंगणात लख्ख उजेड, चिमण्या नाचताहेत, शाळेची व्हॅन मागून जातेय आणि वर कोपऱ्यात वेळ, पहाटेचे ३ वाजून २९ मिनिटं. असा पुरावा कुठल्या सोसायटीच्या सभेत चालेल? भाऊजींनी नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळाचं पिटुकलं सर्किट आणून बसवलं. पायच्या नव्या पाचव्या अवतारात हे घड्याळ आतच दिलंय म्हणे. सेल मात्र वेगळा घ्यायचा. हे वाचून भाऊजींना ती कंपनी पुण्यातली असावी असं वाटलं.

पासवर्डची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण भाऊजी ती थोडक्यात सांगत नाहीत. फार वर्षं प्रत्येक पायवर वापरणाऱ्याचं नाव 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी' असायचा. २०२२ साली ते बंद केलं. कारखान्यातून येतानाचा पासवर्ड तसाच ठेवलेल्या कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची फौज गोळा करून २०१६ च्या ऑक्टोबरात मिराई नावाच्या किड्याने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट्स काही तास आडव्या पाडल्या होत्या. चोरावर नजर ठेवायला बसवलेले पहारेकरीच दरोड्यात सामील. हे कळल्यापासून भाऊजींचा पासवर्ड बावीस अक्षरी आहे. तो कुणालाही कळणं शक्य नाही. कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेला आहे.

खरी वर्दळ सुरू झाली ती सोसायटीला कॅमेऱ्याची खबर लागल्यावर. 'जरा मागे घ्या ना' हे वाक्य घेऊन माणसं येऊ लागली. स्कूटरला पोचा कुणी पाडला? पेपर बाल्कनीत पडला की खाली? कामवाली म्हणते साडेआठला आले होते, तुमची बेल बंद होती. आली होती का? चहा होईपर्यंत भाऊजी मागे घेत आणि सगळे मिळून दुसऱ्याच कुणाच्या घरी कोण आलं ते बघत. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू मुलगा रात्री किती वाजता परतला ते विचारायला आल्या, तेव्हा मात्र भाऊजींनी ठाम नकार दिला. थोड्या वेळाने मुलगा आला आणि नकाराबद्दल पेढे देऊन गेला.

कुणाच्या खाजगीत डोकावायचं नाही, हे भाऊजींचं तत्त्व खरंच पक्कं आहे. समोरच्या वहिनींची गॅलरी चित्रात येत होती, म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये त्या भागावर काळा चौकोन टाकला. वहिनींना मात्र ते बरं वाटलं नाही. "सगळ्यांचं दिसतं आणि आमच्यावरच काळं फासलंय. आमच्या गॅलरीत असं काय आहे?" दुसऱ्या दिवशी गॅलरीत नवीन कुंड्या आणि नवा पडदा आला, आणि चौकोन काढायची विनंती.

या सगळ्या काळात ताई अधूनमधून शनिशिंगणापूरचं नाव काढायची. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातल्या त्या गावात घरांना दारं, कुलपं लावायची नाहीत अशी जुनी प्रथा. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप न लावणारी शाखासुद्धा काढली. "सगळ्यात स्वस्त सिस्टीम ती," ताई म्हणायची, "आणि वीज गेली तरी चालते."

अखेर तो दिवस उगवला. घड्याळ बरोबर, कोळी नाही, पाऊस नाही. सकाळचे ६ वाजून ४ मिनिटं. माकडटोपी, मफलर, काठी. गेटपाशी येऊन गृहस्थांनी आधी चपला काढल्या. मग काठीचा आकडा अलगद फांदीला घातला, फांदी वाकवली, चार उमललेली फुलं खुडली, दोन कळ्यांना नुसतं बोट लावून त्या उद्यावर सोडल्या, फांदी हाताने धरून हळूच जागेवर नेऊन सोडली, झाडाला नमस्कार केला आणि चपला घातल्या. 'पर्सन, ९६ टक्के.' इतके गुण आजवर कुणाला पडले नव्हते.

ताई म्हणाली, "अगं बाई, हे तर मागच्या गल्लीतले सर!" भाऊजींचं लक्ष तिकडे नव्हतं. ते चित्र मोठं करून मला दाखवत होते, "मफलरची वीण बघ. टाका न् टाका मोजता येतोय. दुकानातल्या डीव्हीआरला जमलं असतं हे?" चोर सापडल्याचा आनंद मी पाहिला आहे, चोर एवढा स्वच्छ आल्याचा आनंद तिथेच पाहिला.

सरांना कुणी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, सोसायटी होती. रविवारी सर स्वतःच दारात उभे. हातात पिशवी, पिशवीतून लाल पाकळ्या डोकावत होत्या.

"आमचं काही चित्रण तुमच्याकडे आहे असं कानावर आलं."

भाऊजींनी त्यांना सोफ्यावर बसवून टीव्हीवर लावून दाखवलं. सरांनी चष्मा बदलून ते शांतपणे पाहिलं. एकदा मागे घ्यायला सांगितलं.

"हं. मीच. पण दुसरं फूल मी तोडलेलं नाही, ते हात लागताच आलं. बघा, दिसतंय." दिसत होतं. "उत्तम आहे हो हे. कुणाकडून बसवून घेतलंत?"

"घरी केलंय," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला.

"तसं असेल तर एक काम होतं तुमच्याकडे." सर पुढे सरकले. "आमच्या दारात पारिजातक आहे. पहाटे कुणीतरी येतं, खाली चक्क चादर अंथरतं, झाड गदागदा हलवतं आणि गाठोडं बांधून चालू पडतं. एक फूल ठेवत नाहीत! लोकांना काही लाजच उरलेली नाही."

भाऊजी उठले ते टेप घेऊनच. पारिजातकापासून मीटरचा बोर्ड किती फूट, मध्ये भिंत वीट आहे की काँक्रीट, घरात जुना चार्जर पडलाय का, असं बोलत दोघं चपला घालून बाहेर पडलेसुद्धा. पिशवी सोफ्यावरच राहिली. ताईने तिच्यातली तीन फुलं काढून गणपतीला वाहिली आणि पिशवीची गाठ होती तशी मारून ठेवली. याचं रेकॉर्डिंग नाही. घराच्या आत कॅमेरा लावायचा नाही, ही अट तिने पहिल्याच दिवशी घातली होती.